सोळा घरांच्या पलीकडचं नाव

मित्रांनो, मी एक जुना बफर आहे, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली सोळा घरांची एक ओळ. रक्ततपासणीच्या नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारं एक यंत्र आहे. त्याला कामाला लावणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्राममध्ये मी राहतो. रुग्णाचं नाव आधी माझ्याकडे येतं, मग कागदावर उमटतं.

माझ्या निर्मात्याने मला घाईत बेतलं. नाव संपल्याची खूण ठेवायलाही एक घर लागतं, हे तो विसरला. कोड तपासणारा कंपायलर त्याला दरवेळी बजावायचा, की सोळा अक्षरांचं नाव आलं तर खुणेला जागा उरणार नाही. एवढं लांब नाव कोणाचं असतं, असं म्हणून त्याने त्या सूचना दिसणंच बंद करून टाकलं.

बरीच वर्षं सगळे माझ्यावर खूश होते. माझ्या शेजारच्या घरांत तातडीच्या रुग्णांची नावं यायची. ती सोय बंद झाली, तेव्हा शेवटचं नाव तिथेच राहून गेलं. ते प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंच्या थोरल्या बहिणीचं होतं. त्याच आठवड्यात ती वारली होती.

पुढे नोंदणीत पूर्ण नाव लिहायचा नियम आला आणि एका सकाळी बरोबर सोळा अक्षरांचं नाव आलं. खूण नसल्याने यंत्र थांबलंच नाही, शेजारी वाचत गेलं. जिवंत माणसाच्या नावाला चिकटून ताईचं नाव उमटलं.  बाईंनी ती चिठ्ठी खणात ठेवली आणि दुसरी हाताने लिहिली. महिन्याभरात अशा सात जमल्या. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत. उलट लांब नावांची वाट पाहू लागल्या.

आठवी चिठ्ठी मात्र त्यांच्या नजरेतून सुटली. नळीवर दोन नावं पाहून डॉक्टरांनी रक्त द्यायचं थांबवलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक बाळंतीण ताटकळली. नमुना पुन्हा घेतला, म्हणून ती थोडक्यात वाचली. त्याच दुपारी बाईंनी तो खण नव्या प्रोग्रामरपुढे उपडा केला.

त्या प्रोग्रामर मुलीने सूचना पुन्हा चालू केल्या. पहिलीच माझी निघाली. तिने मला सतरावं घर दिलं आणि त्यात खूण बसवली.

"आता ताई येणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"नाही. पुसण्याआधी एकदा छापून देऊ का?"

बाईंनी रिकामा खण जागेवर सरकवला.

"नको. जाऊ दे तिला."

माझ्याखाली त्या यादीत अजून एकोणचाळीस सूचना आहेत. त्या प्रत्येकीच्या शेजारी कोण राहतं, हे कोणालाच ठाऊक नाही. मित्रांनो, तेवढी यादी वाचून काढा.