सहा महिन्यांचा व्यायाम

त्या घरात कुणी कुणालाही काही विचारलं, तरी उत्तर आक्काच द्यायची. मीटर बघणारा दारात येऊन "मिस्त्री आहेत का?" म्हणाला, की आक्का सांगायची, "आहेत, पण झोपलेत." आणि मिस्त्री तिच्या मागेच चहाचा कप धरून टक्क जागे बसलेले असायचे. चपलांच्या दुकानात "घट्ट होतेय का?" असं विचारलं, की आक्का म्हणायची, "नाही होत. आणि झाली तर सैल पडेल." चप्पल मिस्त्रींच्या पायात. मिस्त्री मान डोलवायचे. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांची जीभ काही झिजली नाही. झिजली ती कंबर.

मिस्त्री फरश्या बसवायचे. गुडघे टेकायचे, कंबरेत वाकायचं, सिमेंटचा माल पसरायचा, टाइल ठेवायची, रबरी हातोडीनं ठोकायची आणि एकेक हात मागं सरकायचं. एक खोली झाली की दुसरी. काम संपलं, की बोट वाकवून प्रत्येक टाइल वाजवून बघायची त्यांची रीत होती. खाली माल नीट बसला असेल तर आवाज भरीव यायचा आणि पोकळी राहिली असेल तर पोकळ. पोकळ वाजली की उपटलीच. घरमालक "राहू द्या हो मिस्त्री, वरून काय दिसतंय?" म्हणत राहायचे आणि मिस्त्री आपले उपटत राहायचे. त्या बाबतीत ते आक्काचंही ऐकत नसत.

एके दिवशी कुणाच्या तरी न्हाणीघरात काम करता करता ते वाकले ते तसेच राहिले. उठताच येईना. घरमालकीण आत आली, तर मिस्त्री रांगत्या पोरासारखे चारी पायांवर. तिला वाटलं काहीतरी पडलंय, तीही बिचारी वाकून शोधायला लागली.

मोठा फोटो, एमआरआय, काढला. कंबरेच्या खालच्या मणक्यांमधल्या दोन गाद्या झिजून काळ्या पडल्या होत्या.

पहिला डॉक्टर म्हातारा होता. फोटो उजेडाला धरून बघितला आणि पाकिटात घालून परत दिला. "झीज आहे. या वयात पुष्कळांची होते. कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. नुसता फोटो बघून मी कापत नाही. सहा महिने व्यायाम करा, नेमानं, एक दिवस चुकवायचा नाही. मग या." असं म्हणून त्यानं एक कागद दिला. त्यावर एका टकल्या माणसाची बारा चित्रं होती. कधी पाठीवर, कधी पोटावर, कधी एक पाय वर.

"जन्मभर कापाकापी केली," आक्का बाहेर येऊन म्हणाली, "आता हात कापतात म्हणून चित्रं वाटतोय."

तरी व्यायाम सुरू झाला. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून मिस्त्री टकल्याची नक्कल करायचे. आक्का भाजी निवडत मोजायची. अकराव्या दिवशी तिची धाकटी बहीण आली. मिस्त्री उताणे पडलेले, एक पाय छताकडे.

"आक्का, भाऊजी परत पाळण्यातले झाले की गं!" धाकटी हसून हसून भिंतीला टेकली. "आणि हे माझ्या घराची फरशी बसवणार?"

आक्कापण हसली, पण ते तिला लागलं. धाकटीच्या नव्या घराची फरशी मिस्त्रीच बसवणार, असा शब्द आक्कानंच दिला होता, सगळ्या नात्यागोत्यासमोर. धाकटी गेल्यावर आक्कानं सतरंजी गुंडाळली आणि तो कागद चमच्यांच्या खणात, तळाच्या वर्तमानपत्राखाली सारला.

"अजून दोन चित्रं राहिली होती," मिस्त्री म्हणाले.

"पुरे झाला तमाशा. दुसरा डॉक्टर बघू."

दुसरी होती डॉक्टरीणबाई. तिनं मिस्त्रींना चालायला लावलं, टाचांवर, मग चवड्यांवर. छोट्या हातोडीनं गुडघे ठोकले, घोटे ठोकले. मग वही उघडली. "दुखणं कंबरेतच आहे, की पायात कळ उतरते?"

"उतरते," आक्का म्हणाली.

"बसल्यावर जास्त, की उभं राहिल्यावर?"

"दोन्ही वेळेला. रात्री तर विचारू नका."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "आजी, कंबर यांची आहे ना? पायाची नस दाबली जात असेल, तर तेवढीच मोकळी करायचं लहान ऑपरेशन पुरतं. नस दाबली जात नसेल, तर ते ऑपरेशन काही कामाचं नाही. आणि हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही, यांच्या सांगण्यावरून कळतं. तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

आजी! आणि वर बाहेर बसा! आक्का उठली. मिस्त्रीही उठले, कारण त्यांचं कोपर आक्काच्या मुठीत होतं. दारातून त्यांनी एकदा मागं वळून बघितलं.

बसमध्ये मिस्त्री म्हणाले, "वाजवून बघते ती."

"कोण?"

"काही नाही."

तिसरा डॉक्टर तरुण, बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. फोटोवर बोट ठेवलं. "या दोन गाद्या गेल्या. मणके हलतात म्हणून दुखतं. आपण हलणंच बंद करू. स्क्रू घालून तीन मणके एकमेकांना जोडून टाकू. तिथून पुन्हा वाकता येणार नाही, हे आधीच सांगतो."

आक्काच्या जिवात जीव आला. याला म्हणतात डॉक्टर. ना 'बघू', ना 'मग या'. वाकता येणार नाही, हे तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. डॉक्टर एवढं करणार आहेत तर वाकणंही येईलच.

"फक्त एक," डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. "आधी सहा महिने व्यायाम केलाय ना? नीट? त्याशिवाय मी हे ऑपरेशन करत नाही."

 आक्काला धाकटीचं हसणं आठवलं.

"केला," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. काडीचा फरक नाही."

डॉक्टरनं मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी मान डोलवली. डॉक्टरनं लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं, वर्ष उलटलं. मिस्त्री चालायचे, ताठ, कुणी पाठीला फळी बांधल्यासारखे. गुडघे टेकायचे, पण पुढं ओणवं व्हायला जावं तर मधेच अडायचे. बुटाची नाडी आक्का बांधायची. कुणी विचारलं, तर आक्का सांगायची, "खडखडीत! अगदी नवी कंबर बसवलीय." हातोडी, पाणसळ, थापी पोत्यात बांधून माळ्यावर गेली. धाकटीनं चार महिने वाट बघितली आणि दुसरी माणसं लावून फरशी बसवून घेतली.

वर्षाच्या तपासणीला तरुण डॉक्टर खूश होता. "स्क्रू जागच्या जागी. हाडही सुरेख जुळलंय."

"मग यांना वाकता का येत नाही?"

"ते तर आधीच सांगितलं होतं. म्हणून तर आपण व्यायाम करून बघितल्यावरच हा मार्ग घेतला." त्यानं फाइलमधला जुना कागद काढून तिच्यापुढं सरकवला.

आक्का दुसरी इयत्ता शिकलेली. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत तिनं वाचलं. 'व्यायाम सहा महिने. फरक नाही.' आजवर ती हजारो गोष्टी बोलली होती, त्यातली एकही कुणी लिहून ठेवली नव्हती. हीच नेमकी ठेवली होती. शाईनं.

"अकरा दिवस," ती म्हणाली.

"काय?"

"अकरा दिवस केला होता. सहा महिने मी सांगितलं."

डॉक्टरनं कागद परत ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "व्यायामानं बरं वाटलंच असतं, असं मी म्हणणार नाही. नसतंही वाटलं. पण मी थांबलो असतो."

बरं वाटलं असतं की नसतं, हे आता कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नव्हता. ना म्हातारा, ना हातोडीवाली. आक्का बाहेर येऊन बाकावर बसली. मिस्त्री शेजारी उभे राहिले. बसून पुन्हा उठायचं म्हणजे त्यांना फार सोपं नव्हतं.

"अहो, मी खोटं बोलत होते, तर तुम्ही का नाही बोललात?"

मिस्त्रींनी खरोखरच विचार केला. "तू इतकं ठासून म्हणालीस," ते म्हणाले, "मलाच वाटलं, केला असेल."

ते तसे कधी टोचून बोलायचे नाहीत, आताही बोलले नव्हते. म्हणूनच आक्काला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

त्याच आठवड्यात धाकटीनं घर बघायला बोलावलं. दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या मिस्त्रींची नजर खाली गेली. ओळी सरळ, सांधे सारखे. त्यांचं उजवं बोट आपोआप वाकलं. त्यांनी गुडघे टेकले, हात पुढं केला आणि तो फरशीच्या वर वीतभर अंतरावर अडला. तसेच ते खुर्चीला धरून उठले आणि खिडकीबाहेर बघायला लागले, जणू आधीपासून खिडकीच बघायची होती.

आक्कानं पदर खोचला आणि खाली बसली.

"आक्का, हे काय गं?" धाकटी म्हणाली.

 बोट वाकवून आक्कानं पहिली टाइल वाजवली आणि वर बघितलं.

"भरीव," मिस्त्री म्हणाले.

दुसरी वाजवली. "भरीव." तिसरी. चौथी. आक्का गुडघ्यांवर पुढं सरकत होती आणि मिस्त्री ताठ उभे, डोळे मिटून.

धाकटीला ती शांतता सोसेना. "भाऊजी, कंबर काय म्हणतेय तुमची?"

"खड..." आक्काच्या तोंडून निघालं, आणि तिनं ते तिथंच गिळलं.  मिस्त्री डोळे मिटूनच उभे. त्यांना सवय होती, आता आक्का सांगेल. कितीतरी वेळ कुणीच काही सांगेना, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"दुखते," ते म्हणाले. "रोजच. होती तितकीच. सकाळी जरा जास्त."

एका घरात, एका छपराखाली वर्षभर राहून आक्का हे पहिल्यांदा ऐकत होती. तिनं विचारलंच कधी होतं?

"खिडकीखालची ती वाजव," मिस्त्री म्हणाले. "कोपऱ्यातली. कोपऱ्यातच माल कमी पडतो."

आक्का रांगत कोपऱ्यात गेली. वाजवली. पोकळ. हा आवाज तिलासुद्धा ओळखू आला, तो शब्द जिभेवरही आला. पण तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान वर करून मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत, ते काय सांगतात याची वाट बघत राहिली.