चिठ्ठीत निघालेली जागा

सरकारी दवाखान्यातून आलेल्या सिस्टरनं कागदावर एक लांबट टेबल काढलं, त्याच्याभोवती आठ गोल काढले आणि पेन पुढे केलं. "कोण कुठं बसतं, तेवढं लिहून द्या, म्हणजे झालं."

मुकादमीणबाईंनी पेन घेतलं आणि त्या कागदाकडे बघत राहिल्या.

उशांत पिसं भरायच्या त्या कारखान्यात सगळ्याजणी त्यांना ताई म्हणत. एकोणीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. पिसांच्या गोणीत नुसता हात घातला की माल कोरडा की दमट ते त्या सांगायच्या. पण आज हा एवढासा कागद काही त्यांना भरता येईना.

"सिस्टर, आमच्याकडे कुणाची अशी जागाच नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "रोज सकाळी चिठ्ठ्या निघतात."

"चिठ्ठ्या? त्या कशासाठी?"

खोलीला खिडकी एकच. टाके घालायला उजेड हवा, म्हणून जिला तिला खिडकीशी बसायचं असायचं. चार वर्षांपूर्वी त्यावरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, तेव्हा ताईंनी तोडगा काढला: आकड्यांच्या आठ चिठ्ठ्या एका रिकाम्या खोळीत टाकायच्या आणि हाताला येईल त्या जागी मुकाट्यानं बसायचं. त्या दिवसापासून भांडण म्हणून नाही. ताईंना मनातून त्याचा थोडा अभिमानही होता. खिडकीची काच मात्र कायम बंद. जरा फट राहिली की पिसं छताला चिकटायची आणि अर्धा दिवस ती वेचण्यात जायचा. पंखा नाही तोही त्याच कारणानं. दाराला आतून जाड पडदा.

सिस्टरनं कागदाची घडी घातली. "म्हणजे चार वर्षांत इथली प्रत्येक बाई प्रत्येकीच्या शेजारी बसलेली आहे. बरं, खोकतं कोण कोण?"

यावर टेबलावर हसू पिकलं. थोरली जाऊ तोंडातला दोरा बाजूला करत म्हणाली, "असं विचारू नका. इथं जी खोकत नाही ती कामच करत नाही असं समजतो आम्ही!"

ही थोरली आणि तिची धाकटी जाऊ, दोघी एकाच घरातून यायच्या. आठ दिवसांपूर्वी धाकटीला टीबी निघाला आणि ती घरी बसली. परवा आणखी एकीचं तेच निघालं. तेव्हापासून सगळ्यांचं बोट एकाच दिशेला होतं: नवीकडे. नवी दोन महिन्यांपूर्वी लागलेली, काडीसारखी, आल्या दिवसापासून खोकणारी. बायकांनी तिचा पाण्याचा पेला वेगळा केला, पिशवी टांगायची खुंटी वेगळी केली आणि तिला चिठ्ठ्यांतून काढून कोपऱ्यात गोण्यांपाशी बसवलं. आज सकाळी तर निर्वाणीचंच बोलल्या, की एक ती राहील नाहीतर आम्ही. मालक म्हणाले, ताई, संध्याकाळपर्यंत तुम्हीच काय ते सांगा. नवीच्या घरी मिळवतं माणूस दुसरं नव्हतं, हे ताईंना ठाऊक होतं.

"हिला तिकडे का बसवलंय?" सिस्टरनं विचारलं.

"खबरदारी," थोरली म्हणाली. "पेलासुद्धा वेगळा केलाय तिचा. लाल."

"पेल्यानं नाही होत हा आजार. खुंटीनं तर नाहीच नाही. आजारी माणूस खोकलं की तो हवेत जातो, आणि अशा बंद खोलीत तासन्‌तास तिथेच राहतो. ती कोपऱ्यात बसली तरी हवा कोपऱ्यापुरती राहते का?"

"अगंबाई! म्हणजे तो पेला फुकटच?"

"फुकटच. तुमच्या जाऊबाईंना ताप कधीपासून येतोय?"

थोरलीनं बोटं मोजली. "सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा ती आडवी झाली होती. म्हणजे... चार महिने झाले की."

"आणि नवी आली दोन महिन्यांपूर्वी."

थोरलीची सुई कापडातच अडकून राहिली. मग तीच म्हणाली, "मग आणला कुणी?"

"ते तपासल्याशिवाय कळायचं नाही. अंगात शिरल्यावर बाहेर दिसायला कधी महिने लागतात, कधी वर्षं. सगळ्यांचीच थुंकी तपासू."

आता जी ती दुसरीकडे बघू लागली. सकाळपर्यंत मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बायका वीतभर सरकून बसल्या. एकीला खोकला आला, तर तिनं तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबून धरला.

ताईंच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. कालपर्यंत सगळं कसं सरळ होतं, मग हे काय झालं? ही की ती? गेल्या वर्षी सोडून गेलेली ती उंच बाई? एकेकीचा खोकला आठवू गेलं तर सगळे एकमेकांत मिसळून जात. आणि त्या गोंधळात एक खोकला सारखा मध्ये येत होता. तो त्यांचा स्वतःचा होता.

कधीपासून बरं? घरी यजमान म्हणायचे, तू गल्लीत शिरलीस की खोकल्यावरूनच कळतं, चहा टाकायला घेतो. पण हे ते या हिवाळ्यात म्हणाले की मागच्या? अंगावरचे कपडे सैल झाले होते, ते उपवासांनी असं त्यांनी धरून ठेवलं होतं. चिठ्ठ्यांत त्यांचा आकडा नव्हता. त्यांना जागाच नव्हती. त्या दिवसभर एकीमागून एकीच्या खांद्यावर वाकून टाके बघायच्या, अगदी कानाशी तोंड नेऊन. चार वर्षं. आठही जागांवर.

"सिस्टर, यादीत पहिलं नाव माझं घाला," त्या म्हणाल्या.

"तुमचं? ताई, तुम्हाला काय झालंय?" थोरली म्हणाली. "तुमचा तो पिसांचा खोकला!"

"असेलही. मला काही कळत नाहीये गं. पण नवी कुठं जाणार नाही. मालकांना तसं सांगते मी. आणि उद्यापासून ती काच उघडी राहील, पिसं उडोत नाहीतर काही होवो."

थोरली काहीतरी बोलणार होती, पण तिनं कापडात अडकलेली सुई ओढून काढली आणि पुढचा टाका घातला.

थुंकीसाठी सिस्टरनं दिलेली डबी घेऊन ताई मागच्या अंगणात गेल्या. मोकळ्यावर जाऊनच करायचं, असं सिस्टरनं बजावलं होतं. त्यांनी सवयीनं हात जोडले, आणि देवापुढे काय मागावं तेच त्यांना सुचेना. डबीत काही निघू नये म्हणावं, तर मग ते दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जाणार. निघावं म्हणावं, तर धाकटीच्या तोंडाकडे कसं बघायचं? त्या तशाच हात जोडून उभ्या राहिल्या.

मागून पावलं वाजली. नवी होती. हातात तिची डबी, झाकण उघडावं की नाही अशा विचारात.

"ताई, कसं करायचं हो हे?"

"मला तरी कुठं येतंय? मीही पहिल्यांदाच करतेय." ताईंनी डोळे पुसले. "तू त्या नळापाशी जा बाई. नाही गं, तुझ्यामुळे नाही. माझ्यापासून जरा लांब उभी राहा."