वस्तरा असा नाही धरत

नवरा न्हावी होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चालायचा. जबड्याच्या कॅन्सरने तो पट्टा बंद पाडला. डॉक्टरांनी डाव्या बाजूचा जबडा काढून तिथे पायाचं हाड बसवलं. जखमा भरल्या, पण घरी आल्यापासून तो खुणांनीच बोलायचा. तोंडाच्या व्यायामाचं नाव काढलं की भिंतीकडे कूस वळवायचा. बोबडं बोलून हसं करून घ्यायचं नव्हतं त्याला.

बायको त्याला चमच्याने सूप भरवायची आणि आपलं रडणं न्हाणीघरात उरकून यायची. शेवटी तिने कंबर कसली. डॉक्टरांना विचारून घेतलं आणि एका सकाळी त्याला हाताला धरून बंद पडलेल्या दुकानात नेलं. शटर वर केलं, त्याला खुर्चीत बसवलं, गालांना फेस फासला आणि आयुष्यात पहिल्यांदा वस्तरा हातात घेतला.

त्याचे डोळे विस्फारले. "अफा नाई धअत!"

"काय म्हणालात?" तिला सगळं कळलं होतं.

"अशा नाई धरत!"

"तोंड उघडून नीट बोला."

"अगं बाई, वस्तरा असा नाही धरत! मारशील मला!"

शब्द वाकडेतिकडे होते, पण बाहेर रस्त्यावर ऐकू जातील इतके मोठे होते. वस्तरा हिसकावून तो आरशाकडे वळला. आपल्या बदललेल्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि मग व्रणाच्या कडेने हलक्या हाताने दाढी करू लागला.

"उद्यापासून मला शिकवायचं," ती टॉवेल झटकत म्हणाली. "तेही बोलून. खुणा मला कळत नाहीत."