बिस्किट मेली, असं मी लिहून दिलं

ऑक्टोबरच्या हिमवादळात लव्हॉनच्या एकतीस गाई गेल्या. अशा वेळी सरकार भरपाई देतं, पण मेलेली जनावरं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं कुणा तिऱ्हाइताने लिहून द्यावं लागतं. तो तिऱ्हाईत मी, तिचा शेजारी व्हर्लिन. जन्मभर सरकारी पैशाच्या नावाने बोटं मोडली आणि अडुसष्टाव्या वर्षी सरकारी कागदावर सही ठोकली.

तीस गाई मी खरंच पाहिल्या. एकतिसावीचा नुसता कानातला बिल्ला पाहिला, काटेरी तारेला अडकलेला. खाली बर्फाचा ढीग होता. ती एकतिसावी म्हणजे बिस्किट. तिच्या जन्माच्या वेळीच तिची आई गेली म्हणून लव्हॉनने तिला स्वयंपाकघरात ठेवून बाटलीने वाढवलं होतं. बिल्ला हातात घेतला आणि लव्हॉन तिथेच बर्फात बसली. तिच्यासमोर तो ढीग उकरायचं माझ्या जिवावर आलं. मी एकतीस लिहून मोकळा झालो.

त्या पैशांतून तिने वीस कालवडी घेतल्या आणि पुन्हा उभी राहिली. कागद खोटा ठरला तर सगळी भरपाई परत, म्हणजे कालवडीही गेल्या. पण खोटा ठरायचं कारणच काय, असं मी धरून चाललो होतो.

मे महिन्यात तिच्याकडे वासरांवर मालकीचा शिक्का डागायचा दिवस होता. त्या दिवशी शेजारीपाजारी सगळे राबायला येतात आणि मजुरी म्हणून पोटभर जेवतात. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, शेती कचेरीत भरपाईचे अर्ज तपासणारी डारलिसही आली होती. लव्हॉनने जेवणासाठी हाका मारायला पातेल्याच्या झाकणावर डाव बडवला.

टेकाडावरून हंबरडा आला. एक काळी गाय धावत खाली येत होती, अर्धा कान फाटलेला आणि मागे एक लटपटतं वासरू. लहानपणी बिस्किटला दुधाला बोलवायलाही लव्हॉन हेच झाकण बडवायची.

"बिस्किट!" लव्हॉनने डाव फेकला आणि धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. "कुठं उलथली होतीस गं सात महिने? आणि हे लेकरू कधी झालं?"

मला नाचावंसं वाटलं आणि त्याच क्षणी माझी सहीही आठवली. डारलिसला दिसू नये म्हणून बाकीचे गडी गुपचूप सरकून गाईपुढे भिंतीसारखे उभे राहिले.

"डारलिस, बटाट्याचं सॅलड घे ना अजून," त्यांतला हार्लन म्हणाला. "ती होय? माझी गाय आहे ती. पळते अशीच."

"तुझ्या गाईवर लव्हॉनचा शिक्का?" डारलिसने काटा चाटला. "मला काय त्याचं. मी आज सुट्टीवर आहे. चष्माही आणला नाही."

चष्मा तिच्या नाकावरच होता. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मग लव्हॉनने या गाईला जन्मभर लपवत बसायचं? मी टोपी काढली.

"डारलिस, नाकावरच्या चष्म्यातून नीट बघ. मी बिल्ला पाहिला होता, गाय नाही. चूक माझी आहे, तिची नाही."

लव्हॉन गाईच्या मानेआडून बोलली, "पैसे सगळे घे परत. कालवडी घे. हिला मात्र हात लावायचा नाही."

डारलिसने ताटली खाली ठेवली. "वीस वर्षं झाली मला त्या खुर्चीत. मेलेल्यांचे अर्ज पोत्याने आले, परत आलेलीचा एकही नाही. आपणहून सांगितलंत ना? मग हिच्या एकटीचे पैसे भरा, तीस गाई तशाच राहतील. सोमवारी आठला या दोघं. आणि व्हर्लिन, या वेळी नीट बघून ये."

मी बघितलं. चार पाय, दीड कान, चिखलाने माखलेली शेपटी. तिने माझी टोपी चघळायला घेतली, तीही चघळू दिली. तिच्या वासराला पहिला शिक्का मीच डागला.

सोमवारी त्याच कागदाखाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जिवंत आहे. मी स्वतः पाहिली.' सरकारला इतक्या आनंदाने मी कधीच काही लिहून दिलं नव्हतं.