शेवटच्या पत्रापासून एक वर्ष

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी भाऊसाहेबांनी दुधाच्या पिशव्या आवक करून घेतल्या.

म्हणजे पिशव्या रोजच्यासारख्याच दारात पडल्या, बायकोने त्या रोजच्यासारख्याच उचलल्या, पण पातेल्यापर्यंत पोचायच्या आधी त्यांना भाऊसाहेबांसमोरून जावं लागलं. दोनशे पानी कोऱ्या वहीत त्यांनी तारीख, वेळ, नग दोन आणि शेऱ्यात 'पैकी एक किंचित गळकी' असं लिहिलं. मग किराण्याची पिशवी आली, तिला तीन क्रमांक मिळाला. दुपारी शेजारच्या वहिनी शिडी मागायला आल्या. "लेखी द्याल का?" असं भाऊसाहेबांनी त्यांना विचारलं, तेव्हा बायकोने वही काढून घेतली.

"अहो, हे घर आहे."

"म्हणून तर म्हणतो. इथे कुठून काय आलं, कुठे गेलं, कशाचा पत्ता नाही."

"चौतीस वर्षं पत्ता नव्हता, तरी दोन वेळा जेवत होतात ना?"

भाऊसाहेब पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा. त्यावर शिक्का बसायचा, नोंदवहीत क्रमांक पडायचा आणि मगच तो कागद कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वात यायचा. त्याआधी तो नुसता कागद. साहेब बदलले, टेबलं बदलली, पंखे बदलले, पण गेल्या चौतीस वर्षांत भाऊसाहेबांच्या हाताखालून गेल्याशिवाय या कार्यालयात काहीही घडलं नव्हतं. हाताखालून गेल्यावरही फारसं घडत नसे, पण तो दुसऱ्या विभागाचा प्रश्न होता.

निरोप समारंभात साहेब म्हणाले, "भाऊसाहेबांची जागा कधीच भरून निघणार नाही." ती पंधरा दिवसांपूर्वीच भरली होती. नव्या मुलीला भाऊसाहेबांनी स्वतः शेजारी बसवून शिकवलं होतं आणि ती त्या वेळी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. भेट म्हणून चाकांची प्रवासी बॅग मिळाली. भाऊसाहेबांना कुठेच जायचं नव्हतं. बायकोने तिच्यात कापडाच्या चिंध्या भरल्या.

बायको शिवणकाम करायची. दहा ते पाच पुढची खोली तिची असे. तिथे मशीन होतं, कापड कापायचं मोठं टेबल होतं, आणि बायका येऊन-जाऊन असायच्या. हा कारभार तीस वर्षं सुरळीत चालला होता, कारण तेवढ्याच वेळात भाऊसाहेब घराबाहेर असायचे. आता ते खुर्चीत असायचे.

"माप घ्यायचंय. जरा आत जाता?"

भाऊसाहेब आत जायचे. आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथे ते कुकरकडे बघत बसायचे. दिवसाला साधारण सहा मापं असत.

लांब राहणारी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एखादा छंद लावून घ्या ना. झाडं लावा." त्यांनी चार कुंड्या आणल्या, त्यांना पांढऱ्या रंगाने क्रमांक घातले, आणि चारही रोपं वाळल्यावर मुलीला कळवलं, "प्रकरण दप्तरी दाखल केलं." दप्तरी दाखल म्हणजे कागद फाइलला लावायचा आणि त्यावर पुढे काही करायचं नाही.

बागेतल्या बाकावरही ते जाऊन आले. तिथे सगळे माजी बसत. माजी बँक मॅनेजर, माजी मुकादम, माजी कंपाउंडर. तिथे मान कोणाला, तर ज्याला अजून ऑफिसातून फोन येतो त्याला.

"परवाच फोन आला होता," बँक मॅनेजर म्हणाले. "जुन्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत म्हणून."

"मग?"

"मग काय, सांगितलं नाही. म्हटलं, आठवून सांगतो. परत फोन करतील."

भाऊसाहेबांना त्यांचा हेवा वाटला. आपण जाताना सगळ्या किल्ल्या चिठ्ठ्या बांधून दिल्या होत्या, हे त्यांना आठवलं आणि रात्रभर लागून राहिलं.

नवव्या आठवड्यात ते सहज म्हणून कार्यालयात गेले. दारातच शिपाई भेटला. म्हणाला, "या! आमचा इथून पाय निघायची वाट बघतोय आम्ही, आणि तुमचा तिकडे पाय टिकेना." त्याने चहा आणला. सगळे हसून बोलले आणि एकेक करून कामाला लागले. कप रिकामा झाल्यावर तो कुठे ठेवावा हे भाऊसाहेबांना कळेना, कारण त्यांचं टेबल आता त्यांचं नव्हतं. साहेब जाता जाता थांबले.

"बोला भाऊसाहेब, काय काम काढलंत?"

काम नव्हतं. कप हातात धरून ते म्हणाले, "काही नाही, असंच." साहेबांनी मान डोलावली. असंच येणाऱ्या माणसांसाठी कार्यालयात जी मान डोलावली जाते, ती भाऊसाहेबांना चांगली ओळखीची होती.

घरी येताना त्यांनी विचार केला. काम असलं पाहिजे. आणि काम असेल तर स्वतः जायचं कशाला? कागद जाईल. कागद 'असंच' आलाय असं कोणी म्हणत नाही. त्याला क्रमांक पडतो आणि सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तसा नियम आहे.

घरातल्या नळाला पाणी जरा बारीक येत होतं. वीस वर्षं येत होतं. संध्याकाळी पाचनंतर टेबल रिकामं झाल्यावर भाऊसाहेबांनी कापडाचे कपटे झटकले आणि पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, सोबत, प्रत. समास दीड इंच. इतकं निर्दोष पत्र त्या कार्यालयाला आजवर कोणी लिहिलेलं नव्हतं. टपालाने पाठवलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. 'आपले पत्र, आवक क्रमांक २४१७, या कार्यालयास प्राप्त झाले असून त्यावर कार्यवाही चालू आहे.'

भाऊसाहेबांनी ते तीनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं.

"चोवीसशे सतरा," ते म्हणाले. "आपला क्रमांक आहे."

"बरं. बाजूला व्हा, माझी टाचणी पडलीय तुमच्या पायाखाली."

त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी मात्र आक्रीत घडलं. कार्यालयाचा लाइनमन आला, गल्लीतला वॉल्व्ह दोन आटे फिरवला आणि दहा मिनिटांत निघून गेला. नळाला धो धो पाणी आलं. बायको खूश झाली. भाऊसाहेब बादलीकडे बघत उभे राहिले. चौतीस वर्षांत आपण आवक केलेल्या कोणत्या पत्राचं असं काही झालं असेल, अशी त्यांना कधी शंकाही आली नव्हती. प्रकरण संपलं होतं.

त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. विषय: पाण्याचा दाब जास्त असणेबाबत.

या वेळी त्यांनी हुशारी केली. 'सोबत: नकाशा' असं लिहिलं आणि नकाशा जोडला नाही. जोडपत्र नसलेल्या अर्जाला त्रुटीचं पत्र जातं, हे त्यांना ठाऊक होतं. गेलं. म्हणजे, आलं. मग त्यांनी नकाशा पाठवला, पण त्यावर सही केली नाही. पुन्हा त्रुटी. मग सही पाठवली, तारीख घातली नाही. सामान्य माणूस त्रुटी निघाली की वैतागतो. भाऊसाहेब पोस्टमनची सायकल दिसली की शर्टाची बटणं लावायचे.

पाचव्या पत्रात कार्यालयाच्या उत्तरांमधला समास एक इंचावर आल्याकडे त्यांनी लक्ष वेधलं. त्याचंही उत्तर आलं, आणि समास दीड इंच होता.

"काय प्रेमपत्रं चाललीत की काय?" बायको म्हणाली.

"शासकीय पत्रव्यवहार आहे."

"मला कधी दोन ओळी खरडल्या नाहीत."

"तुझा पत्ता माझाच होता."

सहाव्या पत्राचं उत्तर आलं नाही. आठवा दिवस गेला, पंधरावा गेला. एकविसाव्या दिवशी त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. तेही गप्प. पोस्टमन समोरून तसाच पुढे जाऊ लागला. भाऊसाहेबांची झोप उडाली. जेवण निम्म्यावर आलं. स्वयंपाकघरात बसल्यावर ते कुकरकडेही बघेनासे झाले. ग्राहक बाई माप देताना बायकोच्या कानात म्हणाली, "काय झालंय यांना?" आणि बायको म्हणाली, "टपाल नाही."

शेवटी तीच म्हणाली, "जा एकदा. विचारून या. तुमच्याशिवाय कोणाला कळणार, कागद कुठे अडकलाय ते?"

ते गेले. आत नाही, खिडकीशी गेले. रांगेत तिघं होते, त्यांच्यामागे उभे राहिले. नंबर आला तेव्हा नवी मुलगी नोंदवहीत डोकं घालून होती.

"आवक क्रमांक?" तिने वर न बघता विचारलं.

"तीन हजार एकशे दोन."

तिने वर पाहिलं. "अय्या, सर तुम्ही! आत या ना."

"नको, इथेच बरं. उत्तर आलं नाही, म्हणून म्हटलं..."

"हो ना." तिने नोंदवही उलगडली, बोट फिरवलं आणि थांबली. मग तिने हळूच हाताचा पंजा त्या ओळीवर ठेवला. "कार्यवाही चालू आहे, सर."

हे वाक्य भाऊसाहेबांनीच तिला शिकवलं होतं. कधी म्हणायचं तेही. पंजा बाजूला झाला तेव्हा त्यांनी बघून घेतलं. चौतीस वर्षं ती नोंदवही त्यांनी सुलट वाचली होती, आज पहिल्यांदा उलटी वाचली. शेऱ्याच्या रकान्यात लाल पेन्सिलीचं छोटं वर्तुळ होतं. वर्तुळ उलटं वाचलं तरी तसंच दिसतं.

ते वर्तुळ भाऊसाहेबांनी शोधून काढलं होतं. नोकरीच्या दहाव्या वर्षी एक निवृत्त हेडमास्तर दर आठवड्याला पत्र पाठवू लागले. उत्तरं देता देता विभाग मेटाकुटीला आला. तेव्हा भाऊसाहेबांनी पद्धत बसवली. तीन महिन्यांत पाचापेक्षा जास्त पत्रं आली, की लाल वर्तुळ. वर्तुळवाल्याचा कागद न वाचता खालच्या फळीवरच्या गठ्ठ्यात टाकायचा. उत्तर नाही. साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती. हेडमास्तर महिन्यातून एकदा खिडकीशी यायचे, धुतलेला सदरा घालून, आणि भाऊसाहेब सांगायचे, "कार्यवाही चालू आहे." ते "आभारी आहे" म्हणून जायचे. अकरा वर्षं. मग एका मार्चमध्ये आवक कमी भरली, तेव्हा ते यायचे थांबलेत हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं होतं.

स्वतःची पत्रं भाऊसाहेबांनी मोजली नव्हती असं नाही. पण तो नियम लोकांसाठी होता.

"सर, रागावू नका," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत. माणूस बघायचा नाही, संख्या बघायची."

"बरोबर केलंस." त्यांनी जरा वाकून पाहिलं. "पण वर्तुळ रकान्याच्या मधोमध काढत जा. कडेला काढलं की बांधणीत जातं."

"हो सर."

"आणि उत्तरांचा समास दीड इंच ठेवलास, ते चांगलं केलंस."

"तो..." ती अडखळली. "तो मीच ठेवला होता. पाचही उत्तरं मीच लिहिली होती. साहेबांपर्यंत गेली नव्हती ती. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल. पण मग सहावं आलं, आणि..."

मागचा माणूस म्हणाला, "ओ काका, आटपा ना. आम्हाला कामं आहेत."

"आभारी आहे," भाऊसाहेब म्हणाले आणि बाजूला झाले.

घरी बायको मशीनवर होती. पाय न थांबवता तिने विचारलं, "काय म्हणाली?"

"कार्यवाही चालू आहे."

मशीन थांबलं. चौतीस वर्षं ती या नोकरीशी संसार करत होती, तिला अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. ती उठली, पाच वाजायला अजून पाऊण तास होता तरी टेबलावरचं कापड तिने गोळा केलं आणि टेबल पुसून दिलं. इतकी वाईट परिस्थिती आहे, हे भाऊसाहेबांना त्यावरून कळलं.

ते टेबलाशी बसले. हेडमास्तर कशाबद्दल लिहायचे, ते आठवून पाहू लागले. गटार? खड्डा? काही आठवेना. त्यांनी विषयाच्या ओळीखाली कधी वाचलंच नव्हतं. अक्षर तेवढं आठवलं. वळणदार होतं, शेवटी शेवटी थरथरायला लागलं होतं.

आणि खालच्या फळीचा नियम आठवला. तोही त्यांनीच लिहिला होता. वर्तुळवाल्यांचा गठ्ठा लगेच फेकायचा नाही. त्या माणसाच्या शेवटच्या पत्रापासून एक वर्ष जपायचा, मग रद्दी. मधे नवं पत्र आलं, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

म्हणजे वाचणार कोणी नाही, उत्तर कोणी देणार नाही, पण गठ्ठा कार्यालयातच राहतो. खालच्या फळीवर, भिंतीकडच्या बाजूला, जिथे ओल येते.

त्यांनी कोरा कागद घेतला, दीड इंच समास सोडला, आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली. विषयाच्या ओळीपाशी बराच वेळ थांबले.

"कशाबद्दल लिहिताय आता?" बायकोने विचारलं. "नळ तर चांगला चालू आहे."

"बघू," भाऊसाहेब म्हणाले, आणि पुढच्या सोमवारसाठी आणखी एक कागद काढून बाजूला ठेवला.