अकरा नंबरचा चार्ज

सोमवारी दुपारी दोनच्या चार्जमध्ये माझा डावा पाय सांगायचा राहिला, आणि सव्वादोनला तो नव्हता.

रक्त नाही, दुखणं नाही. चादर त्या बाजूला सपाट पडली होती, इतकंच. चार्ज म्हणजे पाळी बदलताना जाणाऱ्यानं प्रत्येक खाटेशी थांबून येणाऱ्याला पेशंट तोंडी सोपवायचा. मगदूम सिस्टरची पद्धत जुनी. डोक्यापासून सुरू करून एकेक अवयव घेत खाली यायच्या. त्या दिवशी माझ्या उजव्या पायापर्यंत आल्या आणि घेणाऱ्या कांबळे ब्रदरनी विचारलं, "माझा थर्मामीटर कोणी नेला?" त्यावरून दोघांची चांगली दहा मिनिटं जुंपली. भांडण संपलं तेव्हा सिस्टर बारा नंबरच्या खाटेशी उभ्या होत्या.

मी बेल वाजवली.

"सिस्टर, माझा पाय."

"सकाळी होता काका. मी स्वतः पुसलाय. ह्यांनी घेतला नसेल."

"दिला असता तर घेतला असता," कांबळे ब्रदर म्हणाले. "जेवढं मिळालं तेवढं मी घेतलं."

दोघांचंही बरोबर होतं. तीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. दुकानदारानं माप मारलं तर मारलेला माल कोणाच्या तरी पदरात पडतो, आणि तो पदर शोधला की काम झालं. इथे माझा पाय कोणाच्याच पदरात पडला नव्हता. अशी चोरी मी पहिल्यांदाच बघत होतो.

बारा नंबरवर अण्णाप्पा बिरनाळे होते. अठरा दिवस झाले होते त्यांना. उशीवर डोकं होतं, चादरीवर डावा हात होता, बाकी खाट नीट अंथरलेली.

"पाय गेला न्हवं, साहेब?" ते म्हणाले. "जाणारच. ह्यांचं एकमेकांशी पटत न्हाई आणि झिजतोय आपण."

"गेलेलं परत येतं का?"

"चार्जात आलं तर येतंय. माझा कान आलता की दोन दिसांनी. पण मागून घ्यावं लागतंय. तोंड चालू ठेवा. मी ह्यांच्या सात पिढ्या उद्धरतो, म्हणून दर चार्जाला म्हणत्यात, बारा नंबर शिव्या देतो. झालं, तोंड राहिलं! चांगल्या पेशंटाचं कोन नाव काढत न्हाई, साहेब."

सल्ला पटला, पण मी पडलो निवृत्त सरकारी माणूस. शिव्या तोंडी राहतात, तक्रार कागदावर राहते. मेट्रनबाईंना लिहून दिलं की वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांत समन्वय नाही, योग्य ती कार्यवाही व्हावी.

कार्यवाही दुसऱ्याच दिवशी सकाळी झाली. पुण्याहून टीमवर्क शिकवणाऱ्या उपाध्ये मॅडम आल्या. त्यांनी वॉर्डाच्या मधोमध सगळ्या स्टाफला गोल बसवलं आणि लोकरीचा गुंडा दिला. ज्याच्याकडे गुंडा जाईल त्यानं मनातलं बोलायचं. तिसऱ्या फेरीला मगदूम सिस्टर म्हणाल्या, "कांबळे, तुमचा थर्मामीटर मीच नेला होता." कांबळे ब्रदर म्हणाले, "मला माहीत होतं, ताई." दोघंही रडले. आयाबाई रडल्या. मला वाटलं, आता पाय येतो.

मग मॅडमनी चार्जचे नवे नियम सांगितले. प्रत्येक पेशंटला चारच गोष्टी; देणाऱ्यानं सांगायच्या, घेणाऱ्यानं म्हणून दाखवायच्या. आणि पेशंटबद्दल वाईट काही बोलायचं नाही, त्यानं टीमचं मन खराब होतं.

प्रयोग बारा नंबरवर झाला. "बारा नंबर," मगदूम सिस्टर हसून म्हणाल्या. "डोकं दुखत नाही. डोळे स्वच्छ. कान ठीक. डावा हात छान." कांबळे ब्रदरनी चारही म्हणून दाखवल्या. मॅडम म्हणाल्या, "बघा, किती सुंदर!"

बिरनाळ्यांनी डोळे मोठे केले. नाकापासून हनुवटीपर्यंत त्यांचा चेहरा परीटघडीच्या कापडासारखा झाला होता. डाव्या हातानं ते बराच वेळ तिथे चाचपत राहिले. वॉर्ड अठरा दिवसांत पहिल्यांदा शांत झाला, आणि त्याचंही श्रेय मॅडमना मिळालं.

"तुमचा नंबर उद्या दुपारी, काका," मगदूम सिस्टर मला म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा लोभ होता. "तोवर जुन्या पद्धतीनंच देते, आहे तेवढं. आणि तुमचं म्हणून सांगते, चार गोष्टी तुम्हीच निवडा. डोळे-कान डोक्यातच धरते, तोंड मात्र वेगळं. दुसऱ्या कोणाला सांगू नका हं."

"पाय धरून चाळीस तरी होतील, सिस्टर."

"चार, काका. आता आम्ही टीम आहोत. एकाला वेगळं माप कसं लावणार?"

चार ते सहा भेटीची वेळ. माझी बायको सुनंदा आली, चष्मा लावला आणि चिठ्ठी लिहायला बसली.

"पाय घ्या," ती म्हणाली. "घरी चालत तरी याल."

"छाती नसेल तर चालून काय करू?"

"मग छाती. आणि डोकं. पोट?"

"पोट ठेवलं की पित्ताशयातले खडे आले. खडे आले की परवाचं ऑपरेशन आलं. ह्यांच्या हातून ऑपरेशन?"

"खरंय. पोट राहू दे." तिनं पोटावर काट मारली. "उजवा हात घ्या. चौथं?"

"तोंड."

"तोंडानं आजवर कोणाचं भलं केलंत तुम्ही?"

"अगं, तोंड राहिलं तर बाकीचं मागून घेता येईल. दर चार्जाला एकेक. आधी पोट, मग पाय. तोंड गेलं तर मी म्हणजे बारा नंबर."

तिनं पलीकडे बघितलं. बिरनाळे तिच्याकडेच बघत होते. ती 'तोंड' लिहून त्याखाली दोनदा रेघ मारून गेली.

बुधवारी दोन वाजता सगळे माझ्या खाटेभोवती आले. मगदूम सिस्टरनी चिठ्ठी उघडली.

"वाचून नाही," उपाध्ये मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांत बघून."

सिस्टरनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि कांबळे ब्रदरच्या डोळ्यांत बघितलं. "अकरा नंबर. डोकं. छाती. उजवा हात. तोंड."

एक शब्द चुकल्या नाहीत. माझा जीव भांड्यात पडला.

"अकरा नंबर," कांबळे ब्रदर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "डोकं. छाती. उजवा हात." आणि त्यांनी वही मिटली.

खालच्या बाजूला चादर एकदम खाटेला टेकली.

"किती झाले?" मॅडमनी विचारलं.

"तीन. अरेच्चा! चौथं काय होतं?"

मगदूम सिस्टर सांगायला गेल्या.

"अं हं. देणाऱ्यानं पुन्हा सांगायचं नाही. टीमनं शोधायचं."

"पाय असेल," आयाबाई म्हणाल्या.

"पोट," वॉर्डबॉय म्हणाला.

"चूक झाली तरी हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "इथे कोणी कोणाला दोष देत नाही."

"काका, तुम्हीच सांगा ना," कांबळे ब्रदर अगदी लाडानं म्हणाले.

मी सांगायला गेलो. नाकाखाली सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उजवा हात उचलला, तिथे नेऊन दाखवावं म्हणून. सलाईनची नळी ताणली गेली आणि हात अर्ध्या वाटेवर अडला, पंजा उघडा, बोटं वर.

सगळे माझ्या पंजाकडे बघत राहिले.

"अहो, काका टाळी मागताहेत!" कांबळे ब्रदर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या पंजावर खणखणीत टाळी दिली. मग मगदूम सिस्टरनी दिली, जरा हळू.

"छान. पुढचे या," मॅडम म्हणाल्या, आणि बाकीचे खाटेच्या कडेनं रांगेत उभे राहिले.