गोळीबाराचा हुकूम

घरात तीन पिढ्यांचं राजकारण, पण धाकटीने ती वाट धरली नाही. ती इतिहास शिकली, वर्तमानपत्रात लागली आणि दर रविवारी जुने कागद धुंडाळून लिहू लागली. थोरला भाऊ आमदार. तो म्हणायचा, "आम्ही मढी पुरायची आणि हिने उकरायची."

सध्या ती गोदी कामगारांच्या संपावर पुस्तक लिहीत होती. चाळीस वर्षांपूर्वी गोदीच्या फाटकापाशी गोळीबार होऊन चार कामगार गेले होते. फौजदाराने हुकमाविना गोळ्या झाडल्या असं सरकारने जाहीर केलं आणि त्याची नोकरी गेली. तेव्हाचे गृहमंत्री म्हणजे तिचे वडील.

सरकारी दप्तरात एका फायलीच्या तळाशी तिला अर्धं पान सापडलं. 'जमाव न हटल्यास गोळीबार करावा.' खाली सही नव्हती. पण अक्षर तिच्या ओळखीचं होतं. ती वसतिगृहात असताना याच अक्षरातलं पत्र दर आठवड्याला यायचं. आठवडाभरात तिने त्यावर पुस्तकातलं प्रकरण लिहिलं आणि आधी भावाला दाखवलं.

"निवडणूक तोंडावर आलीय," भाऊ म्हणाला. "छापायचंच तर बाबा गेल्यावर छाप."

"मग उत्तर कोण देणार, दादा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ते प्रकरण वडिलांच्या हातात ठेवलं. ब्याऐंशी वर्षांचे बाबा एकेक ओळ सावकाश वाचत होते.

"एक चूक आहे," ते अखेर म्हणाले. "दगडफेक झाल्यावर घाईत हुकूम दिला, असं तू धरलंयस. तसं नव्हतं. मी आदल्या संध्याकाळीच लिहून दिला होता. डोकं शांत ठेवून."

"बाबा, हे लिहिलं तर तुमच्यावर जास्तच येईल."

"येऊ दे. कुणीतरी विचारेल म्हणून इतकी वर्षं थांबलो. आपण होऊन सांगायची छाती झाली नाही."

तिने ते वाक्य तिथल्या तिथे सुधारलं. बाबांनी समासात सही केली आणि ते उशीला टेकले. पाच मिनिटांत ते घोरू लागले. तिलाही कित्येक दिवसांनी भूक लागली.

ते प्रकरण रविवारच्या अंकात लेख म्हणून आलं आणि फोन थांबेनात. भाऊ महिनाभर बोलला नाही. निवडून आला, पण काठावर. मग एका बुधवारी सकाळी फौजदार स्वतःच दारात उभे राहिले, काठी टेकत. तासभर दोघे म्हातारे दार लावून बसले. बाहेर ती नुसती येरझाऱ्या घालत होती.

फौजदार बाहेर आले. "पोरी, माझा मुलगा मला खुनी समजून घर सोडून गेला होता. तुझा लेख त्याला पाठवला. काल त्याचा फोन आला."

तिने भीतभीत विचारलं, "बाबांना माफ केलंत?"

"ते काही ठरलं नाही अजून," चपला घालत ते म्हणाले. "पुढच्या बुधवारी परत बोलावलंय. येतो म्हणालोय."